तुळई खांद्यावर की चवडीवर? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, खांबांवर टाकायची आडवी तुळई ठोकळ्यांच्या चवडीवर, म्हणजे थरावर थर रचत, चढवावी असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "तालमीतली आठ पोरं बोलवा, दहा मिनिटांत तुळई खांबावर. ठोकळे रचत दिवस कशाला घालवायचा?" यातलं निम्मं मला मान्य आहे. गाडीतून तुळई उतरवून खांबांपाशी आणायला पोरंच हवीत. खांद्याच्या वरची उचल मात्र वेगळं काम आहे.

20 फुटी, 8 बाय 10 इंची तुळई म्हणजे सुमारे 11 घनफूट लाकूड. वाळलेला साग असला तर 200 किलो, ऐनाचं लाकूड असलं तर पावणेतीनशेच्या घरात. आठांत वाटलं की माणशी 35 किलो, हे खरं. पण सगळे खांदे एका उंचीला असतील तरच. एकाचा खांदा 2 इंच वर असला की शेजाऱ्याचा भार त्याच्यावर जातो. 8 फुटी खांबाच्या डोक्यापाशी तर निम्मी माणसं शिडीवर. तिथं एकाचा पाय सरकला तर तुळई टेकवायला जागाच नाही. सगळ्यांनी एकदम हात सोडले तरी ती दोन-चार इंचांपेक्षा जास्त खाली येऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.

चवड त्यासाठी. 4 बाय 4 इंची, 3 फूट लांबीचे ठोकळे, प्रत्येक थरात दोन, एकाआड एक आडवे-उभे. तुळईच्या दोन्ही टोकांपासून 3 फूट आत एकेक चवड. 8 फूट आणि वर 3-4 इंच धरून 25 थर, म्हणजे दोन्ही चवडींना मिळून 100 ठोकळे. ते जमवणं हाच यातला खरा खर्च. चवडीची उंची बुडाच्या तिपटीपलीकडं नेऊ नका.

एका वेळी एकच टोक उचलायचं. त्याला दोन पहारी, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूनं दाबलं तर तुळई कुशीवर वळते. 5 फुटी पहारीला टोकापासून 6 इंचांवर टेकू दिला की नऊपट जोर मिळतो. प्रत्येक पहारीवर 8-9 किलो दाब पुरतो. टेकू चवडीवरच ठेवा. आधी 2 इंची फळी सरकवा, मग ठोकळा. दोन टोकांत एका थरापेक्षा जास्त फरक नको. चवड डोक्याच्या वर गेली की पहारीच्या शेपटाला दोर बांधून खालून ओढा. दोर सुती घ्या, नायलॉनचा ताणतो आणि झटका देतो.

खांबावरची कूस, म्हणजे तुळईच्या भोकात बसणारं खांबाचं टोक, 3 इंची असेल तर तुळई तेवढी वर चढवून, भोक बरोबर कुसेवर आणून, एकेक इंचाच्या फळ्या काढत उतरवायची. घात बहुतेक इथंच होतो: काम संपलं असं वाटून माणसं ढिली पडतात. बोटं लाकडाखाली घालू नका, फळी काठीनं ढकला. त्याआधी खांबांना दोन्ही दिशांनी तिरके टेके ठोकून ओळंबा बघितलेला असावा, कारण तुळईचा हलका धक्काही मोकळा खांब कलवतो.

चवडीच्या बुडाखाली रुंद फळ्या अंथरा. नदीकाठच्या काळ्या मातीवर बांधत असाल तर हे काम वळिवाच्या आधीच उरका. एक वळीव झाला तरी चवड एका अंगाला बसते.