आईचा मेंदू ‘आक्रसत’ नाही, बदलतो

‘बाळंतपणात आईचा मेंदू आक्रसतो’ हे तुमच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. २०१६ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या ज्या संशोधनाचा उल्लेख आहे, त्यात पहिलटकरणींचे गरोदरपणाआधी आणि बाळंतपणानंतर एमआरआय काढले होते. मेंदूच्या काही भागांतलं ग्रे मॅटर (मेंदूतला करड्या रंगाचा, पेशींनी भरलेला भाग) कमी झालं आणि दोन वर्षांनीही ते तसंच होतं, हे खरं. पण त्याच बायकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत लक्षणीय घट दिसली नव्हती, हे का गाळलं? उलट, या बदलांचा बाळाबद्दलच्या ओढीशी संबंध आढळला होता. वयात येतानाही मेंदूतलं ग्रे मॅटर कमी होतं. तेव्हा मुलांचा मेंदू आक्रसला असं कुणी म्हणत नाही, मेंदू घडतोय म्हणतात.

माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले. एका मीटिंगमध्ये मला एक आकडा आठवेना, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “आई झाल्यावर डोकं मंदावतंच.” मला सलग दोन तासही झोप मिळत नव्हती, ते कुणी विचारलं नाही. महत्त्वाचं काम मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्याकडे गेलं. म्हणून सांगते, निदान लेखाच्या मथळ्यातला ‘आक्रसतो’ हा शब्द तरी बदला.