उदार मनाने एरर लिहावा

लॉगची, म्हणजे प्रणाली स्वतःच्या कामाच्या ज्या नोंदी ठेवते त्यांची, पातळी (बिघाडाला एरर, इशाऱ्याला वॉर्निंग, माहितीला इन्फो, दोष शोधण्यापुरते डीबग) निवडणे हे विचारपूर्वक करण्याचे काम आहे, असा एक गैरसमज आमच्या व्यवसायात उगाचच पसरला आहे. गेल्या आठवड्यात जळगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर जे घडले, ते निस्तरताना हे काम किती सोपे असते याचा मला साक्षात्कार झाला. आपली प्रणाली दुसऱ्याच्या गळ्यात बांधून स्वतः निवांत झोपू इच्छिणाऱ्या होतकरू प्रोग्रामरांसाठी ते ज्ञान येथे विनामूल्य देत आहे.

पातळी ठरवताना घटनेकडे मुळीच पाहू नये, स्वतःच्या मनःस्थितीकडे पाहावे. ओळ लिहिताना भीती वाटली तर एरर, कंटाळा आला तर इन्फो आणि जेवणानंतर डोळे जड झाले असतील तर डीबग. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग ही लॉग नोंदवण्याची पद्धत तयार केली आणि पुढे २००९ मध्ये आरएफसी ५४२४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात गांभीर्याच्या शून्यापासून सातपर्यंतच्या आठ पायऱ्या अर्थासह लिहिल्या गेल्या. शून्य म्हणजे प्रणाली निकामी झाली, एक म्हणजे ताबडतोब हालचाल करा, पाच म्हणजे सर्वसाधारण पण दखल घेण्याजोगे, सात म्हणजे केवळ डीबगिंगपुरते. एवढी बारीक चाळण आपल्याला काय करायची आहे?

एकच बिघाड चार फंक्शनांत पकडावा, चारही ठिकाणी एरर म्हणून नोंदवावा आणि मग पुढे ढकलावा.

संदेशात ‘काहीतरी चुकले’ एवढेच लिहावे.

प्रत्यक्ष वापरात डीबग चालू ठेवावे, म्हणजे लोकांचे पासवर्डही सुखरूप नोंदले जातात.

आता मुख्य सूत्र. वापरकर्त्याच्या प्रत्येक चुकीला एरर द्यावा. तुम्ही लिहून आमच्या गळ्यात बांधलेल्या या प्रणालीत काट्यावरच्या मुलाने पासवर्ड चुकवला की एरर, गाडीच्या क्रमांकात मोकळी जागा सुटली की एरर, आणि पहिल्या प्रयत्नात न जुळलेला संबंध दुसऱ्या प्रयत्नात जुळला, तरी त्या पहिल्या प्रयत्नाच्या स्मरणार्थ एक एरर. प्रत्येक एररला माझा फोन वाजतो. खरेदीच्या हंगामात चोपडा, अमळनेरकडून येणाऱ्या गाड्या रात्रभर रांगेत असतात, त्यामुळे तीन आठवडे मी रोज पहाटे पावणेतीनच्या सुमारास उठून, लॅपटॉप उघडून, कोणाचा तरी पासवर्ड चुकल्याची शहानिशा करून पुन्हा आडवा होत होतो. चौथ्या आठवड्यात, माणूसच असल्यामुळे, मी फोन मुका केला. त्याच आठवड्यात नोंदी जिथे साठतात त्या डेटाबेसशी संबंध तुटला. काट्यावर वजन होत राहिले, पावत्या छापल्या जात राहिल्या आणि ६३ गाड्यांच्या नोंदी कोठेही जतन झाल्या नाहीत. प्रणालीने हे लपवले असे मी म्हणणार नाही. तिने प्रामाणिकपणे ६३ वेळा लिहिले होते: ‘इन्फो: नोंद जतन झाली नाही, पुढे चालू.’

पुढे चालू! अहो, काय पुढे चालू? फोन मुका नसता तरी तो वाजला नसता, कारण इन्फोला कोणी उठवत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर वेगळे काही सांगितले नाही, तर वॉर्निंगच्या खालची ओळ दिसतसुद्धा नाही. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात किती उघडले हे सांगून तापीकाठच्या गावांना सावध केले जाते. तेथे मासा उसळला तरी भोंगा वाजवायचा आणि ४१ दरवाजे उघडल्यावर फळ्यावर ‘माहितीस्तव’ म्हणून चिठ्ठी डकवायची, असे कोणी केले तर गावकरी त्याला काय म्हणतील? तुम्ही नेमके तेच केले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैशांसाठी आलेले शेतकरी हातात पावती घेऊन उभे होते आणि संगणक त्यांना ओळखत नव्हता. मी आणि काट्यावरचा तो मुलगा दुपारपर्यंत स्थळप्रतींवरून एकेक वजन हाताने भरत बसलो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन विझत आलेली, त्यामुळे एका पावतीवरचा आकडा तीन आहे की आठ, हे ठरवण्यासाठी आम्ही तो कागद खिडकीशी धरून वाचत होतो आणि ज्याचा कापूस, तो माणूस आमच्या तोंडाकडे पाहत होता. ‘दादा, पावती तर तुमच्याच मशीनची आहे ना?’ एवढेच तो विचारत होता. या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचे होते?

उपरोध पुरे झाला. पासवर्ड चुकला तर ती वापरकर्त्याची चूक आहे, तुमच्या प्रणालीचा बिघाड नाही, तो इन्फो. एकाच खात्यावर लागोपाठ वीस वेळा चुकला तर वॉर्निंग. दुसऱ्या प्रयत्नात काम झाले असेल, तर फार तर वॉर्निंग. ज्याचे काम बुडाले आणि आपोआप भरून येणार नाही, तो एरर, आणि त्यात कोणती पावती, कोणती गाडी, हे लिहिलेले असलेच पाहिजे. ही ओळ वाचणाऱ्याने आता अंथरुणातून उठायचे आहे की नाही, एवढा एक प्रश्न तुम्हाला लिहिताना पडत नसेल, तर तुम्ही काम करत नाही आहात, टंकलेखन करत आहात. उद्या कार्यालयात गेल्यावर ती ‘पुढे चालू’वाली ओळ पहिल्यांदा उघडा आणि दुरुस्त करा. तोपर्यंत रात्रीचा फोन मी तुमच्या क्रमांकावर वळवला आहे.