सर, तो धडा वर्गातच शिकवा

आज दुकानात दहावीतलं एक पोरगं आलं. गिऱ्हाईक हटेपर्यंत ग्लुकोजचे पुडे उलटेपालटे करत राहिलं, मग हळूच म्हणे, "काका, धातू जाते, त्याच्यावर काई हाये का?" धातू म्हणजे वीर्य.

आठवडी बाजारात जडीबुटीच्या पालात त्यानं आठशे रुपये घातले. कापूस वेचून जमवलेले! पालवाल्यानं सांगितलं, चाळीस थेंब रक्तातून धातूचा एक थेंब बनते, असंच चाललं तर लग्नाच्या कामाचा राहणार नाहीस. तेव्हापासून पोट्ट्याला धड झोप नाही. खिशात काळ्या चूर्णाची पुडी, त्यात काय कालवलंय देव जाणे.

काहून व्हावं असं? या वयात झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, एवढं एक वाक्य त्याला ना बापानं सांगितलं ना शाळेनं. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' हा धडा आहे. प्रजनन संस्था, मासिक पाळी, सगळं छापलेलं. विचारलं तर म्हणे, "सर म्हणाले, घरी वाचून घ्या." घरी? टीव्हीवर पॅडची जाहिरात लागली की बाप रिमोट शोधतो, त्या घरी?

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं, लैंगिक विषयांवर मोकळं लिहिणारं मासिक. त्याच महाराष्ट्रात २००७ साली सरकारनं शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. 'मर्दानगी'च्या औषधांच्या जाहिराती बंद करणारा कायदा १९५४ चा, तरी एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवलेलं आहेच. मास्तरानं तोंड उघडायचं नाही अन् भोंदूनं भिंती रंगवायच्या!

मान्य, सरांचंही अवघड आहे. पोरंपोरी एकाच वर्गात, उद्या एखादा पालक भांडायला येतो. मोबाइलवर पोट्टे नको ते पाहतात, हेही खरं. पण ते पाहून त्या पोराची भीती गेली का? उलट वाढली.

त्याला आत बसवून पाणी दिलं. सांगितलं, बाबू, वीर्य काही रक्त आटवून बनत नाही, शरीर ते रोज तयार करतं, तुला काहीच झालेलं नाही. बराच वेळ गप्प होता. मग म्हणे, "मंग आठशे रुपये गेलेच का काका?" काय बोलावं, सुचेना. आईला काय सांगितलं असेल त्यानं त्या पैशाचं?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग 'तारुण्यभान' शिबिरांमधून पोरापोरींशी या विषयावर मोकळं बोलतात. आपल्याच विदर्भात होतंय ना? मग माझ्या मित्रयादीतल्या गुरुजी-मॅडमना हात जोडून सांगतो, तो धडा सोडू नका. लाज वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवा. पोट्टे सुरुवातीला हसतील, हसू द्या, रागावू नका. मग ऐकतात.