मागणी कशी घातली, ते कसं सांगावं

लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झाली की नवऱ्याच्या अंगावर एक नवी जबाबदारी येऊन पडते. भाचे-पुतणे लग्नाच्या वयाचे होतात, गणपतीत घरी जमतात, आणि आरती आटोपून मोदक पोटात गेले की त्यातलं एखादं कार्टं विचारतं, "काका, तुम्ही काकूला कसं विचारलंत?" अशा वेळी गडबडून खरं सांगून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना पुढे घरात नारळ सोलण्यापलीकडे कुठल्याही कामासाठी कोणी हाक मारत नाही. तेव्हा कोकणातल्या तमाम विवाहित पुरुषांच्या सोयीसाठी थोडं मार्गदर्शन करतो.

आधी जागा ठरवा. प्रसंग समुद्रावरच घडलेला असला पाहिजे. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा लाभलाय, तो काय नुसती मासळी वाळत घालायला? तुम्ही प्रत्यक्षात एसटी स्टँडवरच्या रसवंतीत किंवा रॉकेलच्या रांगेत विचारलं असेल, तरी तो प्रसंग तसाच उचला आणि आरे-वाऱ्याच्या वाळूत नेऊन ठेवा. रत्नागिरीकरांनी थिबा पॉइंटचं नाव मात्र घेऊ नये. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली वारला तोवर या गावात नजरकैदेत होता. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. त्याची थोरली राजकन्या वाड्यावर चाकरीला असलेल्या इथल्याच एका माणसात गुंतली आणि १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी गेल्यावरही पुन्हा रत्नागिरीत परतली. सरकारी पहाऱ्यातल्या राजकन्येची भानगड ज्या गावाने शंभर वर्षं जिभेवर ठेवली, त्या गावात तुम्ही त्या संध्याकाळी पॉइंटवर होतात की नव्हतात हे सांगणारे डझनभर निघतील. आणि त्यातला एक तुमचा साडू असेल.

जागा ठरली की चंद्र. इथे भलेभले घसरतात. "समोर समुद्रातून पौर्णिमेचा चंद्र वर आला आणि मी तिचा हात हातात घेतला," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की हात कोणाचा होता याचीच शंका येते. आपला समुद्र पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी उगवतो तो पूर्वेला, म्हणजे तुमच्या पाठीमागून, डोंगराच्या अंगाने. समुद्रावर तो यायचा तर पहाटे, मावळताना. तेव्हा एक तर तुम्ही परक्याच्या मुलीला पहाटे पाच वाजता किनाऱ्यावर नेली होतीत, आणि तसं असेल तर तिच्या वडिलांनी तुम्हाला धड कसं सोडलं हेही सांगावं लागेल. नाही तर तुम्ही मागणी जगन्नाथपुरीला घातलीत.

लाटांचंही तसंच आहे. "लाटा आमच्या पावलांशी येत होत्या" असं म्हणण्याआधी तिथीची पाऊणपट करा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा हिशेब. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, थोडी मागेपुढे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे ऐन संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. त्यात पौर्णिमेचं उधाण, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब हटतं. तुमच्या पावलांशी लाटा नव्हत्या, कुर्ल्या होत्या. हे तुमच्या मेहुण्याला बरोबर ठाऊक असतं. तो तोंडाने काही बोलणार नाही, फक्त बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजेल आणि बायकोकडे बघून हसेल.

चंद्रही हवा आणि लाटाही हव्यात, असा हट्टच असेल तर शुद्ध अष्टमी धरा. आठाची पाऊणपट सहा. दिवेलागणीला पाणी भरलेलं आणि अर्धा का होईना, चंद्र डोक्यावर. अष्टमीची भरती भांगाची असते, म्हणजे लाटा जरा सुस्त. चालेल. तुम्ही तरी कुठे फार उसळत होतात?

रेल्वे शक्यतो वापरू नका. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधीच बोहल्यावर चढलेल्या एका गृहस्थांनी माझ्यादेखत करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांब बोगद्यातला अंधार गाठून बायकोला विचारलं होतं. त्यांची थोरली मुलगी समोर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, पहिल्या गाडीला हात दाखवायला तुम्ही मलाच खांद्यावर घेऊन गेला होतात." पावसाळाही टाळा. होड्या झापांनी शाकारून किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या असताना तुम्ही तिला होडीतून फिरवलंत, हे कोणी शहरातला जावईसुद्धा खरं मानणार नाही.

हे सगळं कसं जमवून आणायचं, त्याचा नमुना म्हणून माझंच घ्या. माझी सध्याची आवृत्ती अशी आहे: अष्टमी, भाट्याची वाळू, मागे सुरूचं बन. मी शांत आवाजात एकच वाक्य बोललो आणि ती लाजली. बरीच वर्षं घासूनपुसून बसवली आहे. तुम्हाला पद्धत कळावी म्हणून मूळ माल कसा होता तेही सांगतो, घरात बोलू नका.

आमची स्वतःची हापूसची कलमं आहेत. तरीही त्या वैशाखात मी भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जाणारी एसटी पकडत होतो आणि तिच्या वडिलांकडून आंब्याच्या पेट्या विकत आणत होतो. पहिली पेटी पाहून आमच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. दुसरी पाहिल्यावर मुलीचं नाव विचारलं.

तिथे ओटीवर तिची आजी बसलेली असे. आमच्याकडे वडीलधारी माणसं तुमचं नाव विचारत नाहीत. "कुणाचा रे तू?" असं विचारतात, आणि उत्तर मिळालं की तुमच्या आजोबांनी कुणाच्या बांधावरचा फणस रातोरात उतरवला होता ते तुम्हालाच ऐकवतात. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून ही म्हातारी फळ आणि माणूस दोन्ही कुठल्या बागेतले ते देठ बघून सांगत असे. माझ्याकडे एकदा खालून वर पाहून ती म्हणाली, "यांच्याकडे आंबा नाय लागला काय औंदा?" मी "करपला" म्हणालो. आमच्या घरी त्या वर्षी आंबा ठेवायला जागा नव्हती.

आतल्या खोलीत भाताच्या पेंढ्यात आढी घातलेली. ती त्यातून तयार फळं निवडत होती. मी मदतीला म्हणून बसलो. एक वाक्य चांगलं घोटून पाठ केलेलं होतं, 'आपण दोघांनी पुढचं आयुष्य एकत्र काढावं असं मला वाटतं.' एसटीत ते मी खिडकीकडे तोंड करून म्हणूनही पाहिलं होतं, कंडक्टरने सुट्टे पैसे परत करताना मला जरा अंतर ठेवूनच दिले. आणि आढीपाशी तोंडातून निघालं ते असं:

"पुढच्या वर्षी आंबा लवकर येईल का?"

"मोहोरावर आहे," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे आपला."

"आपला म्हणजे?"

इथे माझ्या मुठीत जे फळ होतं त्याचा बाठा बाहेर आला. रस कोपरापर्यंत. तिने शांतपणे तो आंबा उतरलेल्या फळांच्या टोपलीत टाकला, मला फडकं दिलं आणि म्हणाली, "बाबा विहिरीवर पंप बघतायत. विचारायचं असेल तर आत्ताच जा, जेवले की झोपतात ते."

यात होकार नेमका कुठे आहे ते मला आजही बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण मी विहिरीवर गेलो. त्यांनी मान वर न करता माझ्या हातात पाना दिला आणि फुटवॉल धरायला सांगितलं. मी धरला. हिय्या करून विषय काढला आणि नेमका तेव्हाच पंप सुरू झाला. त्यांनी कानाला हात लावला. मला तेच वाक्य पुन्हा, जिवाच्या आकांताने ओरडून म्हणावं लागलं. शेजारच्या बागेतल्या राखणदाराने तिथूनच "बरं, बरं!" म्हटलं. सासऱ्यांनी पंप बंद केला, पाण्याकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "मोठ्यांना पाठव."

आता बघा, यातलं वापरण्याजोगं काय आहे? पुरुषाला शोभेल असं त्यात काही नाही. उभी बाग, उघडी विहीर, पिकल्या आंब्यांचा वास सगळीकडे, आणि नायकाच्या केसांत पेंढा. म्हणून मी सगळंच उचलून भाट्याला नेलं. तुम्हीही अर्धवट दुरुस्ती करत बसू नका. एखादा खरा तपशील ठेवला तर बायको तिथून धागा ओढते.

याहून मोठा धोका देवाकडून असतो. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाआधी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या किंवा कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडचा पडला तर होकार. मी आढीपाशी घामाघूम होत होतो, त्याच्या आदल्याच सोमवारी आजीने माझ्या नावाने कौल लावून घेतला होता आणि तो उजवा पडला होता. म्हणजे उत्तर देवाला ठाऊक, गुरवाला ठाऊक, आजीला ठाऊक, आणि आजीमुळे अख्ख्या वाडीला ठाऊक. फक्त प्रश्न यायचा बाकी होता. राखणदार इतक्या लांबून इतक्या चटकन का बोलला, याचाही उलगडा मला लग्नानंतरच झाला. असा मजकूर श्रोत्यांपर्यंत पोचू देऊ नका. निकाल लागून आठवडा उलटलाय आणि नायक अजून परीक्षेला घाबरतोय, अशी गोष्ट पोरं एकमेकांना सांगत फिरतात.

पत्रांबद्दल कोणी विचारलं तर ती पुरात गेली असं सांगावं. आमची गेलेली नाहीत. पोस्टमन तिच्या आत्येचा दीर होता, त्यामुळे माझं आंतरदेशीय पत्र तिला मिळे तेव्हा त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही तोंडी कळवल्या जात. ती सगळी तिने ट्रंकेत ठेवली आहेत आणि ट्रंकेची किल्ली मला माहीत नाही.

हल्लीच्या पोरांना हा त्रास नाही. माझ्या पुतण्याने गेल्या हिवाळ्यात गणपतीपुळ्याजवळच्या एका किनाऱ्यावर दिव्यांची अक्षरं लावून, वर ड्रोन सोडून, गुडघा टेकून विचारलं. आधी तो सड्यावर टेकणार होता, कारण तिथून समुद्र छान येतो. मी त्याला जांभ्या दगडावर एकदा टेकून बघ म्हटलं, मग तो वाळूत उतरला. टाळ्या वाजवायला मित्र आधीच माडांमागे उभे केलेले. मुलगी हो म्हणाली. कॅमेरेवाल्याचा फोकस चुकला, म्हणून पुन्हा एकदा हो म्हणाली. मी त्याला हसलो नाही. त्याची आवृत्ती त्याने त्याच संध्याकाळी पुरी करून घेतली, मला त्यासाठी अर्धं आयुष्य घालवावं लागलं.

सांगायची वेळही नीट निवडा. बायको स्वयंपाकघरात गेल्यावर सुरुवात करावी आणि आतून मिक्सरचा आवाज आला की मुख्य प्रसंग उरकून घ्यावा. खोबरं किती आहे त्याचा अंदाज आधी घेऊन ठेवावा, म्हणजे चंद्रावर फार रेंगाळणं होत नाही. एवढं करूनही मिक्सर मध्येच थांबतो आणि आतून आवाज येतो, "अहो, बाठ्याचं सांगितलंत का?" अशा वेळी ताबडतोब उठून बाहेर पाऊस आलाय का ते बघायला जावं.

आणि ज्यांची मागणी अजून घालायची आहे, त्यांना एक व्यवहारातली सूचना. मुलीच्या घरून काही विकत घेत असाल तर पैसे तिथल्या तिथे चुकते करा. त्या पंपाच्या धांदलीत माझे शेवटच्या पेटीचे राहून गेले. पुढे मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट अजून मध्ये होता, मी अक्षता झेलत मान खाली घालून उभा होतो, तेवढ्यात तिचे मामा पलीकडून वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "भावोजी विचारतायत, ती पेटी आहेरात धरायची की उधारीत?"