लोहचुंबक आणि खणखणाट यांनी चांदीचा टंच (शुद्धता) निघत नाही

धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडील मोबाइलवर सध्या एक चित्रफीत फिरते आहे. तिच्यात तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. जुन्या रुपयाला लोहचुंबक चिकटला नाही तर रुपया चांदीचा. फरशीवर टाकल्यावर तो खणखणीत वाजला तर चांदी शुद्ध. आणि तिरप्या धरलेल्या नाण्यावरून चुंबक सावकाश घसरला तर सराफाकडे जाण्याचेही कारण उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आजही अनेक घरांत रुपयांच्या माळा आहेत आणि अडचणीच्या वेळी त्या मोडल्या जातात. त्यामुळे ही विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान अर्धे खरे आहे आणि त्याचा खरा अर्धा भाग उपयोगाचा आहे. चांदीला चुंबक ओढून घेत नाही, म्हणून १९१८ सालचा छाप असलेला रुपया चुंबकाला घट्ट चिकटला तर तो नकली आहे हे निश्चित. पण तांबे, पितळ, जस्त, शिसे, कथील आणि ज्याला आपल्याकडे गिलट किंवा जर्मन सिल्व्हर म्हणतात तो मिश्रधातू, यांपैकी कशालाच चुंबक चिकटत नाही. नकली नाणी प्रामुख्याने याच धातूंची असतात, कारण लोखंडाचे नाणे चुंबकावर पकडले जाते हे ती पाडणाऱ्यालाही ठाऊक असते. उलट, मागे वाघ असलेला १९४७ सालचा रुपया चुंबकाला चिकटतो, तरी तो सरकारी टांकसाळीचा अस्सल रुपया आहे. फक्त तो निकेलचा आहे, चांदीचा नाही. अस्सल नाणे आणि चांदीचे नाणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चित्रफितीत त्यांची सरमिसळ झाली आहे.

याहून मोठी चूक अशी की, रुपयात चांदी आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही, ती किती आहे हे विचारावे लागते. १८३५ पासून कंपनी सरकारने आणि पुढे ब्रिटिश सरकारने पाडलेला कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, हे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. तेव्हापासून १९४५ पर्यंतच्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि ५-५ टक्के निकेल व जस्त आहे. वजन तेच, आकारही जवळपास तोच. पण पहिल्यात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी, तर दुसऱ्यात ५.८ ग्रॅम. माझ्या आजीच्या माळेत १९१७ आणि १९४२ सालचे रुपये शेजारी शेजारी ओवलेले होते. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. आजी व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याच्या नाण्यांना राणीछाप आणि राजाच्या मुखवट्याच्या नाण्यांना राजाछाप म्हणून ओळखायची. राणीछापाच्या बाबतीत ही खूण पुरते, परंतु राजाछाप पुरत नाही, कारण सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याचे १९३८ आणि १९३९ चे रुपये अकरा भाग चांदीच्या जुन्या प्रमाणाचे आहेत, तर १९४० पासूनचे निम्म्या चांदीचे.

दुसरे विधान आवाजाचे. जुने व्यापारी रुपया वाजवून घेत असत, आणि ‘खणखणीत नाणे’ व ‘बद्द वाजणे’ हे शब्दप्रयोग त्यातूनच आपल्या बोलण्यात रुळले आहेत. त्या परीक्षेचा मी अनादर करत नाही. शिशाचे किंवा कथलाचे ओतीव नाणे खरोखरच बद्द वाजते. मात्र नाण्याचा स्वर त्याच्या व्यासावर, जाडीवर आणि धातूच्या ताठपणावर ठरतो, चांदीच्या टक्क्यांवर नाही. कासे तर इतके दीर्घ घुमते की देवळातल्या घंटा त्याच्याच करतात. शिवाय माळेतल्या रुपयाला कडी झाळलेली असते, ती कंप दाबून टाकते, आणि अकरा भाग चांदीचा अस्सल रुपयाही त्यामुळे बद्द वाजतो. अशा रुपयाला खोटा ठरवून कोणी तो कवडीमोलाने दिला, तर नुकसान त्या घराचे होते.

घसरणाऱ्या चुंबकाचे विधान ऐकायला शास्त्रीय वाटते. सरकत्या चुंबकामुळे धातूत विजेचे भोवरे निर्माण होतात, ते चुंबकाला मागे खेचतात आणि धातू जितका उत्तम विद्युतवाहक तितका चुंबक मंदावतो, हे बरोबर आहे. पण वहनात तांबे चांदीच्या अगदी जवळ आहे, म्हणून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकतीवरही तो मंदावतो. याउलट १९४२ च्या अस्सल रुपयातले निकेल वहन घटवते, आणि ही परीक्षा त्यालाच संशयित ठरवते. तीन सेंटिमीटरच्या नाण्यावर असा फरक नुसत्या डोळ्यांनी जोखणेही कठीणच.

घरी करण्यासारखी त्याहून चांगली परीक्षा पाण्याची आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने टांगलेला रुपया, तळाला किंवा कडेला न टेकता, पूर्ण बुडवावा. ११.६६ ग्रॅमचा जुना रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ दाखवील, निम्म्या चांदीचा असेल तर १.२२ आणि जर्मन सिल्व्हरचा असेल तर १.३४ च्या आसपास. झिजलेल्या नाण्याचे कोरडे वजन या आकड्याने भागावे, भागाकार १०.३ च्या जवळ आला तर चांदी जुन्या प्रमाणाची, ९.५ च्या जवळ आला तर निम्मी. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकावेत आणि झाळलेल्या कडीमुळे थोडा फरक पडेल हे लक्षात ठेवावे. शिसे मिसळून हा आकडा जुळवता येतो, पण तेव्हा मात्र ते नाणे बद्द वाजते. आवाजाची परीक्षा इथे कामी येते.

सराफाकडील क्ष-किरण यंत्र मोडतोड न करता टंच सांगते, परंतु ते पृष्ठभागाजवळचा थरच वाचते, म्हणून जाड मुलाम्याचा संशय असल्यास पाण्याचा आकडाही सोबत न्यावा. रुपयाभार म्हणजे ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा, आजचा दहा ग्रॅमचा नव्हे, हेही हिशेबाआधी स्पष्ट करून घ्यावे. आणि माळ मोडायचीच असेल तर रुपये सन पाहून घरीच दोन ढिगांत वेगळे करावेत व प्रत्येक ढिगाचे वजन लिहून ठेवावे, कारण दोन्ही एकत्र आटवल्यानंतर कोणत्या रुपयातून किती चांदी निघाली हे पडताळण्याचा मार्ग विकणाऱ्याकडे राहत नाही.