दिब्रुगढचे पाच, रत्नागिरीचे पाच

आसामात दिब्रुगढला बदली झाली तेव्हा आईने विचारलं, "तिकडे घड्याळ पुढे करावं लागतं का रे?" मी हसलो. म्हटलं, भारतातच आहे गं, घड्याळ तेच.

जूनमध्ये पोचलो. दुसऱ्याच दिवशी साडेचारला तोंडावर ऊन! वाटलं, मोबाइल बिघडला. रत्नागिरीत तेव्हा सूर्य सहाला उगवतो (ढगांनी दर्शन दिलं तर). डिसेंबरात दिब्रुगढला साडेचारच्या आधीच सूर्य बुडतो, पाचला मिट्ट काळोख. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत तो सहानंतर मावळतो. दोन्ही गावांत साडेएकवीस अंश रेखांशांचं अंतर, अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ दीड तास. आणि दोघांच्या मनगटावर वेळ एकच, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांची.

डिसेंबरात मुंबईच्या मुख्य कार्यालयातून मीटिंग लागायची संध्याकाळी सहाला. "तुमच्याकडची माणसं लवकर पळतात बुवा," हे ठरलेलं वाक्य. अरे, ती पाचपासून उठलेली असतात! तुमचा मेंदू दहाच्या चहानंतर सुरू होतो, त्यांचा दिवस तेव्हा निम्म्यावर आलेला असतो.

चहाच्या बागांनी हा गुंता इंग्रजांच्या काळातच सोडवला. तिथे घड्याळ एक तास पुढे, त्याला म्हणतात 'बागान टाइम'. मळ्यातल्या कुणी जेवायला बोलावलं की मी आधी विचारायचो, तुमचे आठ की आमचे आठ? एकदा विचारायला विसरलो आणि थंड भात खाल्ला.

स्वभावही वेगळे. रत्नागिरी दुपारी झोपते आणि त्याबद्दल तिला काडीची लाज नाही. दिब्रुगढ दुपारी जागं असतं, पण अंधार पडला की झपाट्याने मिटतं. 1950च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेने शहराचा मोठा लचका तोडला. आता बांध आहे, लोक त्यावर फिरायला येतात. आम्ही समुद्राला गृहीत धरतो. ते मात्र नदीकडे बघताना पाणी कुठवर आलंय ते आधी बघतात.

मला तिथे ब्रह्मदेशाचा थिबा राजा फार आठवायचा. त्याच्या राजधानीचं, मंडालेचं, रेखांश दिब्रुगढच्याही पूर्वेला. त्या माणसाला इंग्रजांनी आणून बसवलं आमच्याकडे, पश्चिमेच्या टोकाला, रोज सूर्यास्त बघत. 1916मध्ये तो इथेच गेला.

तर माझं मत: ईशान्येला वेगळी वेळ द्या. 2014 साली आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोईंनी ती मागितली होती. 2018मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सीमारेषासुद्धा सुचवली, आसाम आणि बंगालच्या हद्दीवर. रेल्वेचा घोळ होईल म्हणता? त्या पट्ट्यात रूळ ही रेषा ओलांडतात ते न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वारपाशी, तेवढंच सांभाळायचं. देशाची एकी बिघडेल हे तर मुंबईकरांनी सांगूच नये. भारतीय प्रमाणवेळ आली 1906 साली, तरी मुंबईत 39 मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ 1955पर्यंत चालत होती. एकी बिघडली का?

गेल्या आठवड्यात भाट्यावर उभा होतो, सूर्य अजून पाण्याच्या वर हातभर. तिकडच्या मित्राला फोन लावला, म्हटलं बघ काय रंग आहे! तो म्हणाला, "भाई, आमचं जेवण झालं. उद्या पहाटे कर."

पहाटे म्हणजे त्याच्या. मी गजर लावला नाही.