फ्रेडी मर्क्युरीच्या 'कर्मा'चा मेसेज पुढे ढकलण्याआधी

मंगळवारी रात्री एका मित्राने मला स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज, आणि टाकणारी त्याची आईच. 'पाचगणीत शिकलेला मुलगा जगाचा स्टार कसा झाला आणि कसा संपला, मुलांना जरूर वाचायला द्या.' वर 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पिवळ्या जॅकेटातला, मूठ उंचावलेला फोटो. काकूंच्या मनात वाईट काही नसणार. पाचगणी वाचल्यावर त्यांना टेबललँडची सहल आठवली असेल आणि मेसेज पुढे गेला असेल. खाली मित्राने नेहमीसारखे हात जोडले होते.

हा मित्र सहा वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. जेवण झालं की व्हिटॅमिनच्या डबीतून एक गोळी काढतो. काकूंना ती कॅल्शियमची वाटते. घरात कुणालाच माहीत नाही. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा: फ्रेडी मुंबईत जन्मला, मोठा झाल्यावर नाव, धर्म, देश सगळं टाकलं, पैशासाठी बँड मोडला, वाईट संगतीने एड्स झाला, ते कळल्यावर मित्रांचे पाय धरले आणि १९८५च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत शेवटचं गायला, त्याचा आवाज म्हणजे चार जादा दातांची करामत होती. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'कर्माची फळं इथेच भोगावी लागतात. अशा माणसांची सावलीही मुलांवर पडू देऊ नका.'

जन्माचं एका वाक्यात संपतं. ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. मुंबई नाही. फारोख बलसारा, पारशी घर, आडनाव वलसाडवरून आलेलं. आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला, पियानो शिकला, शाळेतल्या पोरांच्या बँडमध्ये वाजवला. एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे.

दातांचंही लगेच उरकते. मागे जादा दात होते हे खरं, ते काढले तर आवाज बदलेल अशी भीती त्याला स्वतःलाही होती. पण आवाज निघतो स्वरयंत्रातून. २०१६ साली युरोपातल्या संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. बोलण्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि गाताना स्वराचं कंपन नेहमीच्या गायकांपेक्षा जलद, असं त्यांना आढळलं. त्यावर पियानोपाशी आणि स्टुडिओत घातलेली वर्षं. ती सगळी मेहनत दातांच्या खात्यावर जमा करू नका.

नाव, धर्म, देश. इथे मला थोडं मागे यावं लागतं. झांझिबार आणि पाचगणीबद्दल तो मुलाखतींत फारसं बोलत नसे, हे मान्य. मलाही त्याचं वाईट वाटतं. पण 'फ्रेडी' हे नाव त्याला पाचगणीच्या शाळेतच पडलं, लंडनमध्ये नाही. देश टाकला म्हणता, तर जानेवारी १९६४मध्ये झांझिबारमध्ये उठाव झाला, माणसं मारली गेली, आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं. पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. आणि धर्म? त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीच शोधलं नाही.

आता बँड. 'क्वीन' फुटला, मग लाइव्ह एडसाठी रडतरखडत एकत्र आला, ही कथा फ्रेडीवरच्या २०१८च्या सिनेमातून आली आहे. सिनेमाने नाट्यासाठी वर्षं पुढेमागे केली आणि लोक त्यालाच इतिहास समजू लागले. फेब्रुवारी १९८४मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. जानेवारी १९८५मध्ये ब्राझीलमध्ये 'रॉक इन रिओ'च्या अफाट गर्दीपुढे ते वाजवत होते. मे महिन्यात जपानचा दौरा संपला. १३ जुलैला लाइव्ह एड. दोन महिन्यांत कुठला बँड फुटतो आणि जुळतो? स्वतंत्र अल्बम काढला म्हणून फ्रेडीला गद्दार ठरवायचं असेल, तर ड्रमर रॉजर टेलरने त्याच्या चार वर्षं आधी काढला होता. त्याला कुणी काही बोलत नाही.

ज्यांनी लाइव्ह एडचं ते चित्रण पाहिलं असेल त्यांनी पुन्हा पाहावं. लंडनचं वेम्बली मैदान, संध्याकाळचं ऊन, सुमारे बहात्तर हजार माणसं. पांढरा बनियन, फिकी जीन्स. पियानोवर कागदी ग्लास मांडून ठेवलेले. पहिल्या सुरांनंतर तो उठतो, माइकचा तो अर्धा दांडा हातात घेतो, आणि जेमतेम वीस-एकवीस मिनिटांत अख्खं मैदान त्याच्या हातात येतं. तो एक स्वर फेकतो, मैदान तोच परत करतं. मेसेज म्हणतो, मरण कळलेल्या माणसाचा हा निरोप होता. मला यात सरावाने तयार झालेला, अंगात मस्ती असलेला अडतीस वर्षांचा गायक दिसतो. इथिओपियाच्या दुष्काळासाठी चाललेल्या कार्यक्रमात आपल्या वाट्याला मोजकी मिनिटं आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण तेव्हा त्याला आजाराचं निदान झालेलंच नव्हतं. त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहिलेला जोडीदार जिम हटन याने १९९४ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात निदान १९८७च्या एप्रिलअखेरीचं आहे. लाइव्ह एडनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. त्या घरात राहणाऱ्या, त्याच अंथरुणाशी बसलेल्या माणसाचं हे सांगणं आहे. माफी मागितल्याचा, पाय धरल्याचा प्रसंग १९८५मध्ये घडूच शकत नाही.

'शेवटचं गायला' म्हणणाऱ्यांनी आपल्याच मेसेजमधला फोटो नीट बघावा. ते पिवळं जॅकेट १९८६च्या दौऱ्यातलं आहे. त्या वर्षी तो पुन्हा वेम्बलीला गायला, बुडापेस्टला गायला, ९ ऑगस्टला नेबवर्थला गायला. क्वीनबरोबरची त्याची शेवटची मैफल ती. निदान झाल्यावर तर माणूस आणखी झपाटून कामाला लागला. माँतसेराट काबायेसारख्या ऑपेरा गायिकेबरोबर अल्बम केला, क्वीनचे दोन अल्बम पुरे केले, आणि १९९१ साली उभं राहणंही कठीण झालं होतं तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत जाऊन सूर लावून आला, उरलेलं काम मित्रांनी नंतर पुरं करावं म्हणून.

आजार लपवला, हे मात्र खरं. २३ नोव्हेंबर १९९१ला त्याने निवेदन काढलं, दुसऱ्या दिवशी गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. आपल्या जवळच्या माणसांच्या खासगीपणासाठी गप्प राहिलो, असं त्या निवेदनात आहे. त्या काळी वार्ताहर त्याच्या दाराशी तळ ठोकून होते. त्या दारामागे बसून त्याने कुणाला काय सांगायला हवं होतं, हे ठरवणारे आपण कोण?

आणि आता ते ठळक अक्षरांतलं वाक्य, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

कर्माची फळं म्हणता? रायन व्हाइट नावाचा अमेरिकन मुलगा होता. जन्मतः हिमोफिलिया, रक्त गोठत नसे म्हणून रक्तघटकांची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यातून त्याला एचआयव्ही झाला. निदान झालं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. शाळेने त्याला दारातून परत पाठवलं, गावाने छळलं. ८ एप्रिल १९९०ला, अठराव्या वर्षी तो गेला. शेवटच्या आठवड्यात त्याच्या आईच्या सोबतीला गायक एल्टन जॉन इस्पितळात होता, तोच एल्टन जॉन पुढच्या वर्षी फ्रेडीच्या अंत्यसंस्काराला होता. सांगा, तेरा वर्षांच्या पोराचं कुठलं कर्म?

आणि एकाच घरातलं उदाहरण घ्या. जिम हटनलाही एचआयव्ही होता. फ्रेडी १९९१ला गेला. १९९६च्या सुमारास अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि मरणाऱ्यांचा ओघ ओसरला. हटन तोवर टिकला. तो गेला २०१०मध्ये, कॅन्सरने. तेच घर, तोच विषाणू, तेच प्रेम. फरक पडला तो पाच वर्षांचा आणि औषधांचा. कर्माचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा हिशेब सोडवून दाखवावा.

एचआयव्ही असुरक्षित संबंधांतून, दूषित रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला होतो. सावलीतून होत नाही. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधांतूनही तो जोडीदाराला जात नाही. माझ्या मित्राच्या रिपोर्टवर गेली पाच वर्षं तेच लिहून येतं. २०१७च्या कायद्याने अशा माणसाशी भेदभाव करायला आणि त्याच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करायला बंदी आहे. म्हणजे ज्या देशात कायदा त्याला जपतो, त्या देशात त्याच्याच आईच्या हातून 'सावलीही पडू देऊ नका' हे त्याच्या फोनवर येतं, आणि खाली तो हात जोडतो.

समलिंगी असणं हा गुन्हा असल्यासारखं मेसेजभर सुचवलं आहे. त्याला मी उत्तर देत बसणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ साली दिलं आहे.

काल मी हे सगळं त्याला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, आईला पाठवू का? मी म्हटलं, तुला जमेल तेव्हा, तुला हवं तेवढंच. तो म्हणाला, फोटोचं तेवढं सांगतो आज.

रात्री त्याने ग्रुपवर लिहिलं: 'आई, हा फोटो १९८६चा आहे. मेसेज खोटा आहे.'

सकाळी काकूंचं उत्तर आलं होतं: 'हो का? मग खरं काय आहे रे?'